काल्पनिक ताफा, चाळीस जहाजं : माणसं नेमकी किती लागतील?

कंपूकर

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, आणि थोडं लांबण लावणार आहे.

ग्वाल्हेरच्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. काळ इथून दीडशे वर्षं पुढचा. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात खाणी चालू आहेत. पाच ठिकाणी वस्ती आहे, सगळ्यांत मोठी सिरीसवर. या वस्त्यांच्या मदतीला आणि लूटमार रोखायला एक ताफा आहे. जहाजांना आपल्या मुलखातल्या नद्यांची नावं दिली आहेत : चंबळ, सिंध, पार्वती, कुंवारी, स्वर्णरेखा, सांक.

माणसांचा हिशेब मी असा केला. एक जहाज साधारण आपल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाएवढं, म्हणजे २६२ मीटर लांब. विक्रांतवर १,६०० जणांची सोय आहे. जहाजं ४०. गुणाकार केला, ६४,००० आले. आकडा भारदस्त वाटला, लिहून टाकला.

परवा पहिली तीन प्रकरणं आईला वाचून दाखवली. ८१ वर्षांची आहे, पण ऐकताना एक शब्द सुटत नाही तिचा. म्हणाली, "चौसष्ट हजार म्हणतोस, मला तर सहाच दिसले. बाकीचे दिवसभर करतात काय रे?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून चौथं प्रकरण हललेलं नाही. आकडा बरोबर येणं एवढंच मला पुरणार नाही. त्यातला प्रत्येक जण झोपेतून उठून कुठे जातो, ते मला माहीत असायला हवं.

खारं पाणी

विषय मनापासून आवडला. मी २२ वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनखात्यात होतो, आता मुरारला घरी असतो. समुद्रापासून इतक्या लांब राहून कोणी जहाजाबद्दल विचारलं की फार बरं वाटतं.

पहिली गोष्ट : लांबीवरून माणसं मोजू नका. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं एव्हर गिव्हन ४०० मीटर लांब होतं आणि त्यावर खलाशी होते २५, सगळे भारतीय. विक्रांत त्यापेक्षा बरंच आखूड, माणसं १,६००. कलवरी वर्गातली पाणबुडी ६७ मीटरची, माणसं ४३. वजनानं मोजायला गेलात तरी तेच. विक्रांतवर २८ टनांमागे एक माणूस पडतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४२० टनांचं, राहणारे सात, म्हणजे ६० टनांमागे एक. एव्हर गिव्हनची भारवहन क्षमता दोन लाख टनांच्या घरात आहे, तिथे ८,००० टनांमागे एक येतो. या तिन्हींतला कुठला भाव लावणार?

माणूस कामाला लागतो, लोखंडाला लागत नाही. विक्रांतवर गर्दी आहे ती विमानांमुळे. विमान उडवणारा एक, पण ते ढकलणारे, इंधन भरणारे, शस्त्रं चढवणारे, धावपट्टीवरच्या तारा सांभाळणारे, दुरुस्त करणारे, आणि त्या सगळ्यांचं जेवण रांधणारे वेगळे. तुमच्या जहाजांवर विमानं आहेत का? नसतील तर १,६०० विसरा.

असं करा. जहाजावरची कुठली जागा चोवीस तासांत एक क्षणही रिकामी ठेवता येणार नाही, तेवढ्याच जागा लिहून काढा. बाकीचं नंतर.

कंपूकर

विमानं नाहीत, फक्त दोन लहान होड्या आहेत. काल रात्री बसून यादी केली. सुकाणूच्या खोलीत ३. इंजिनापाशी ४. हवा-पाणी-तापमान सांभाळायला ३. दूरसंवेदन आणि संदेश मिळून ४. दवाखान्यात १. पहाऱ्याला १. एकूण १६ जागा. म्हणजे १६ गुणिले ३ पाळ्या, ४८. बरोबर?

रेस्ट गिव्हर

कंपूकर, इथेच सगळे फसतात, म्हणून जरा थांबा.

मी रेल्वेत होतो. त्यांतली १९ वर्षं नेमणुकांच्या टेबलावर, म्हणजे कोणाची ड्यूटी कधी, कोणाच्या जागी कोण, हे ठरवण्यात गेली. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे ४८ धरा. साध्या भागाकारानेच साडेतीन माणसं आली. तिघं पुरतील असं म्हणणाऱ्यानं साप्ताहिक सुट्टी विसरलेली असते. त्या सुट्टीच्या दिवशी जागा भरायला जो येतो तो रेस्ट गिव्हर, माझं इथलं नाव तेच आहे. मग रजा, आजारपण, प्रशिक्षण, घरचं लग्नकार्य. साडेतीनाचे सव्वाचार, साडेचार कधी होतात कळत नाही.

जहाजावर साप्ताहिक सुट्टी नसेल, मान्य. पण दोन वर्षं रोज आठ तास, एकही दिवस मोकळा नाही, असं माणूस चालतो का? चालला तरी कसा चालतो? माझं मत : ४८ वर निदान दहा टक्के राखीव ठेवा, ५३ करा. आणि जमिनीवरच्या प्रत्येक चोवीस तासांच्या जागेला साडेचार धरा.

अजून एक. तुमच्या यादीत कॉलमन नाही.

आमच्याकडे लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर हजेरी लावतात तिथे, एक माणूस असायचा. रात्री अडीचला गाडीवर जाणाऱ्या ड्रायव्हरला दोन तास आधी उठवायचं हे त्याचं काम. सायकल, कंदील, नंतर टॉर्च, आणि काखेत कॉल बुक. दार वाजवायचं, ड्रायव्हर बाहेर आला की वहीत सही घ्यायची आणि वेळ टाकायची. डिसेंबरातलं ग्वाल्हेरचं धुकं तुम्हाला माहीत आहे, हातभर अंतरावरचं दिसत नाही. त्यात तो रेल्वे कॉलनीतून घरं शोधत फिरायचा. सही झाली नाही तर गाडी उभी. मी नव्यानं टेबलावर आलो तेव्हा एका रात्री कॉलमन आजारी पडला आणि मी म्हटलं, एका रात्रीनं काय होतं. दोन गाड्या उशिरा सुटल्या आणि साहेबांपुढे उभं मला राहावं लागलं. तेव्हापासून कुठल्याही कामाचा तक्ता समोर आला की मी आधी बघतो, उठवणारा कोण आहे.

चालक नको

सगळ्यांचा आदर ठेवून एक शंका विचारतो. दीडशे वर्षांनंतर सुकाणूवर माणूस कशाला हवा? आजच एवढं आपोआप होतंय. यंत्रमानव असतील, स्वतः विचार करणारी प्रणाली असेल. एका जहाजावर पाच माणसं पुष्कळ झाली. १६ जागा हा आजचा हिशेब आहे.

खारं पाणी

प्रश्न रास्त आहे आणि त्याला समुद्रावरचं उत्तर आहे. माझ्या शेवटच्या तीन जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये कोणी नसायचं. धोक्याची घंटा थेट ड्यूटीवाल्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये वाजायची. उशाशी पॅनेल, त्यावर लाल दिवा. झोप लागायची, पण पाणी उकळतंय का याकडे आईचा एक कान असतो ना, तशी. म्हणजे जागा कमी झाल्या हे खरं. पण मग बंदरात लागलो की किनाऱ्यावरून पंधरा-वीस माणसांची टोळी चढायची आणि आम्ही समुद्रात न केलेलं सगळं उपसायची. काम गेलं नव्हतं, जहाजावरून उतरून धक्क्यावर गेलं होतं.

कंपूकरांच्या जहाजाला धक्का किती लांब आहे?

कंपूकर

जायला ७ महिने. तिथे मुक्काम १२ महिने. परत ७ महिने.

खारं पाणी

मग २६ महिने त्या जहाजाला धक्का नाही. काम धक्क्यावर ढकलायची सोयच नाही. यंत्रमानव बिघडला तर तोही तिथेच दुरुस्त करायचा. अंतराळ स्थानकातच बघा. सुरुवातीच्या वर्षांत तिथे तिघंच असायचे आणि त्यांचा बहुतेक वेळ स्थानक चालू ठेवण्यातच जायचा. २००९ मध्ये सहा जण झाले तेव्हा प्रयोगांना खरी फुरसत मिळाली. शिवाय हाडं आणि स्नायू टिकवायला रोज दोनेक तास व्यायाम. तो कामाच्या तासांतूनच वजा होतो, तुमच्या पाळ्यांतही करा.

आणि जहाजं ४० कशी ठरवलीत, तेही सांगा. उलटं मोजायला हवं. पाच ठाणी, प्रत्येक ठाण्यावर कायम दोन जहाजं, म्हणजे कामावर १०. एका जहाजाचं चक्र : ७ महिने जाणं, १२ मुक्काम, ७ परत, पुढे गोदीत १०. एकूण ३६ महिन्यांत ठाण्यावर १२. म्हणजे एकाला तीन. दहासाठी तीस. पृथ्वीवरच्या आरमारांतही साधारण हाच भाव चालतो : एक कामावर, एक तयारीत, एक दुरुस्तीला. तुमची लढाऊ जहाजं ३०, उरलेली १० रसद वाहणारी करा. चाळीसचा आकडा मोडावा लागणार नाही.

आकडेवाली

मी संख्याशास्त्र शिकवते. जहाजांच्या संख्येवरून एक बारीक गोष्ट दाखवते, वाचक ती पकडतील म्हणून.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतो हे दोस्त राष्ट्रांना हवं होतं. हेरांचा अंदाज जून १९४१ साठी १,५५० होता. संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या रणगाड्यांवरचे अनुक्रमांक घेतले आणि २४४ सांगितले. युद्धानंतर जर्मन दप्तर उघडलं तेव्हा खरा आकडा निघाला २७१. रीत सोपी आहे. दिसलेला सगळ्यांत मोठा क्रमांक घ्यायचा, त्याला एकूण दिसलेल्या संख्येनं भागायचं, तो भागाकार त्यात मिळवायचा आणि एक वजा करायचा.

कंपूकरांनी पहिली दोन प्रकरणं इथे आधी टाकली होती, ती मी आज पुन्हा वाचली. जहाजांच्या कपाळावरचे पाच क्रमांक त्यात येतात : ८, १४, ३७, ५२, ६१. मोठा ६१. भागिले ५, म्हणजे १२.२. मिळवून एक वजा केला की ७२. म्हणजे लेखक ४० म्हणतो आणि त्याची जहाजं मात्र ७२ म्हणतात. एकतर क्रमांक चाळीसच्या आत आणा, नाहीतर हरवलेल्या आणि मोडीत काढलेल्या जहाजांचे क्रमांक पुन्हा देत नाहीत असं कथेत कुठेतरी येऊ द्या. मला दुसरं आवडेल. ३० वर्षं टिकणारी ४० जहाजं कायम ठेवायची तर दर तीन वर्षांना चार नवी बांधावी लागतात. क्रमांक आपोआप पुढे सरकत जातात आणि ताफ्याला वय येतं.

कंपूकर

आकडेवाली ताई, हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. दुसरंच घेतो. ८ क्रमांकाचं जहाज अजून चालतंय, म्हणजे तीसही वर्षं उलटून गेलेलं म्हातारं जहाज आहे ते. ती चंबळच असणार.

तिसरी पाळी

मी नर्स आहे, बारा वर्षं अतिदक्षता विभागात. तुमच्या दवाखान्याच्या एका जागेबद्दल लिहिते.

एक जागा तीन पाळ्या म्हणजे तीन माणसं, पण रुग्ण आला की हिशेब बदलतो. श्वासाच्या यंत्रावरच्या एका रुग्णामागे प्रत्येक पाळीला एक नर्स हवी, हा आमच्याकडचा नियम. रजा धरून एका खाटेमागे चार तरी लागतात. जहाजावर एक जण भाजला आणि एकाला ताप चढला, तर तुमचा दवाखाना संपला. मला एका हिवाळ्यात रात्री सहा खाटा एकटीनं बघाव्या लागल्या होत्या, कारण वरच्यांनी कागदावर माणसं मोजली होती आणि कागदावर ती पुरत होती. त्या रात्री कोणी दगावलं नाही. पण पहाटे पाचला औषधाची बाटली हातात घेऊन मी लेबल तीनदा वाचलं आणि तरी ते डोक्यात शिरेना. ते अजून विसरता येत नाही.

दुसरं म्हणजे पाळी बदलायची वेळ. आठ तासांची पाळी आठ तासांची नसते. येणाऱ्या बाईला प्रत्येक खाटेपाशी नेऊन सांगावं लागतं : याला रात्री दोनला काय दिलं, याची लघवी किती झाली, ही घाबरते म्हणून दिवा चालू ठेवा. पंधरा-वीस मिनिटं दोघी हजर असतात. ती वीस मिनिटं छाटली की चुका होतात. जहाजावर १६ जागा असतील तर दिवसातून तीनदा त्या जागांवर ३२ माणसं उभी असतील, तेवढी जागा खोलीत ठेवा. कथेत ते दृश्यही घ्या, सगळी माणसं तिथे एकत्र दिसतील. कदाचित आईंना हवी आहेत तीच.

क्ष-किरण

मी रेडिओलॉजीत तंत्रज्ञ आहे. छातीशी किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला लावून काम करतो. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. आपल्याकडे किरणांशी काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचं माप) मर्यादा आहे.

क्युरिऑसिटी गाडी २०१२ मध्ये मंगळाकडे जात असताना तिच्यातल्या मापकानं दिवसाला साधारण १.८ मिलिसिव्हर्ट मोजले. माझी वर्षाची मर्यादा अकरा दिवसांत संपते. नासानं अंतराळवीराला अख्ख्या कारकिर्दीसाठी ६०० ठेवले आहेत, तेही ३३३ दिवसांत संपतात. तुमची फेरी २६ महिन्यांची, म्हणजे जवळजवळ ७९० दिवस. १,४०० च्या वर जातं.

अर्धं अडवलं तरी ७०० च्या वर. माझ्या मते तुमच्या सगळ्या धाग्यातला सर्वांत मोठा आकडा हाच आहे. एक माणूस आयुष्यात एकच फेरी करू शकतो, तीही कवच चांगलं असेल तर. प्रत्येक फेरीला नवी माणसं.

रेस्ट गिव्हर

बापरे. हे खरं असेल तर भरतीचा तक्ताच वेगळा झाला. आमच्याकडे ड्रायव्हर तीस वर्षं चालतो. अनुभव त्याच्या हातात राहतो.

खारं पाणी

कवच पाण्याचं करा. बाकी काहीही नेलंत तरी ते ओझं, पाणी मात्र प्यायलाही लागतं आणि प्राणवायूही त्यातूनच काढता येतो. सौर वादळ आलं की सगळ्यांनी शिरायची एक कोठडी ठेवा. आत पाच बाय पाच, उंची तीन मीटर, सगळीकडून एक मीटर पाणी : १७० टन पाणी लागतं. शंभर माणसं आत मावतात, पण खांद्याला खांदा लावून. वादळ काही तास चालतं, कधी दिवस-दोन दिवस. आकाशगंगेतून कायम येणारे किरण मात्र एका मीटरला पुरते जुमानत नाहीत, क्ष-किरण म्हणतात ते तिथे खरं ठरतं.

आणि रसद बघा. विक्रमादित्यवर सोळाशेवर माणसांना महिन्याला १६ टन तांदूळ, २०,००० लिटर दूध आणि जवळजवळ एक लाख अंडी लागतात असं नौदलानं सांगितलं आहे. माणशी १० किलो तांदूळ. जहाजावर शंभर जण, २६ महिने : २६ टन तांदूळ, साडेबत्तीस हजार लिटर दूध, १,६०,००० अंडी. दूध-अंडी सोडा, तांदूळ तरी कोणी उपसायचे? भांडारात माणसं घातलीत का?

चिटणीस गोट

सगळं वाचत होते. आता राहवत नाही. अहो, तुम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहून ताफ्याची माणसं कशी मोजायची म्हणून विचारताय?

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ पुढे हललाच नाही. त्याचंच लष्कर शहर झालं. त्या छावणीत कोण-कोण होतं हे आजही पत्त्यांवर लिहिलेलं आहे. घरून निघून महाराज बाड्याच्या चौकापर्यंत चालत जा आणि पाट्या वाचत जा. हुजरात : म्हणजे हुजुरात, सरकारची खास माणसं. जिन्सी नाला : जिन्सी म्हणजे तोफखाना आणि त्याचा साठा. कंपू : डी बॉयन या फिरंगी सेनानीनं महादजी शिंद्यांसाठी उभ्या केलेल्या कवायती पलटणींचं नाव. खासगी बाजार. सराफा, कारण पगार वाटायला नाणं लागतं. चिटणीसांची गोट, कारण कागद लिहायला माणूस लागतो. आणि दानाओळी. घोड्याच्या दाण्याला एक अख्खी ओळ! गोट हा शब्दच तळाचा आहे, शत्रूच्या गोटात म्हणतो तोच. हिंदीत त्याचं गोठ झालं.

आता सांगा, या नावांपैकी लढणाऱ्यांची किती? मला दोन-तीन दिसतात. बाकी सगळे आपण ज्यांना बुणगे म्हणतो ते. शब्दाला तुच्छता चिकटली आहे, मला तो आवडत नाही, पण दुसरा नाही. पानिपतानंतर दोन मोत्यं गळाली, मोहरा इतक्या गेल्या असा निरोप आला, आणि रुपये-खुर्द्याची गणतीच नाही असं त्यात होतं. आपण मोत्यं मोजतो. कंपूकरांच्या आई खुर्दा विचारत आहेत.

१८०९ मध्ये या छावणीबरोबर फिरलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय की तळ कुठेही पडला तरी बाजारांची जागा ठरलेली असे. बिनीवाला पुढे जाऊन निशाण रोवायचा आणि त्यावरून सगळ्यांना आपापली गल्ली कळायची. नवीन माळावर उतरलेला माणूससुद्धा अंधारात वाण्याचं दुकान शोधू शकायचा. तुमच्या ताफ्यातही प्रत्येक जहाजात भांडार, दवाखाना, स्वयंपाकघर एकाच जागी ठेवा. सिंधवरचा माणूस पार्वतीवर गेला तरी डोळे मिटून पोचेल.

आणि महादजी. पानिपतावर पायाला जखम होऊन पडले होते. परंपरा सांगते की त्यांना बैलावर घालून वाचवलं ते राणेखान भिश्त्यानं. पखालीनं पाणी वाहणारा माणूस. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं. तो पखालजी कुठल्याही फौजेच्या आकड्यात नव्हता, आणि तो नसता तर हे शहर नसतं. तुमच्या हवा-पाण्याच्या तीन जागांवर जे बसतात त्यांना मी पखालजी म्हणेन. प्यायचं पाणी, श्वास आणि किरणांपासून आडोसा, तिन्ही त्यांच्याच हातात.

सांक हे नाव पाण्याच्या जहाजाला द्या. तिघऱ्याचं धरण सांक नदीवरच आहे, आपण तिचंच पाणी पितो.

कंपूकर

चिटणीस गोट ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, तिच्या सासरी दानाओळीतल्या घरात घोडे बांधायच्या कड्या होत्या भिंतीत, त्यांना ती लुगडी वाळत घालायची दोरी बांधायची. मला हे आज कळलं.

काल सुट्टी होती. दिवसभर बसून पुन्हा मांडलं.

पाळीच्या १६ जागा, राखीव धरून ५३. पाळी नसलेले : दुरुस्तीवाले २०, भाजीपाल्याच्या वाफ्यांवर ८, स्वयंपाकी ६, भांडारी ४, डॉक्टर-नर्स ३, नायक आणि त्याचं कार्यालय ४, आणि २ कॉलमन. एकूण शंभर. आणि रेस्ट गिव्हर काका, कॉलमन दोघंही बाया आहेत.

लढाऊ जहाजं ३०, म्हणजे ३,००० माणसं. रसदीची १०, प्रत्येकी २५, म्हणजे २५०. एकूण सव्वातीन हजार. माझे चौसष्ट हजार कुठल्या कुठे गेले.

पण एका फेरीनंतर माणूस पुन्हा जाऊ शकत नाही. ३६ महिन्यांत ३,२५० नवे, म्हणजे वर्षाला हजाराच्या वर. दोन वर्षांचं शिक्षण धरलं आणि काही गळतील असं धरलं तर कायम २,४०० जण शिकत असतात. आठ जणांमागे एक शिकवणारा, ३००. एका वेळी गोदीत सरासरी आठ लढाऊ जहाजं, प्रत्येकाला तीन पाळ्यांचे मिळून २००, म्हणजे १,६००. रसदीच्या जहाजांचे धक्के, कोठारं, इस्पितळ, पगारखातं यांना ढोबळ २,२००. खाली साडेसहा हजार झाले. वरच्या एकामागे खाली दोन.

शिकवणारे, गोदीवाले हे सगळे एकदा जाऊन आलेलेच असणार, कारण त्यांना दुसरी फेरी नाही. ते कुठे जातील? गोदीच्या आसपास घरं करून राहतील. त्यांची मुलं तिथल्या शाळेत जातील. गोदीच्या बाहेर दुकानं लागतील. माझ्या कथेत शहर नव्हतं. आता आहे. त्याला अजून नाव दिलेलं नाही.

चालक नको

मी माझं म्हणणं थोडं बदलतो. सुकाणूच्या तीन जागांपैकी दोन यंत्राला द्या, एवढं तरी मान्य करा. बाकी ठीक आहे. पण शहर पृथ्वीवर का? चंद्रावर गोदी असेल तर पळवेग, म्हणजे गुरुत्वाकर्षणातून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला २.४ किलोमीटरच्या आसपास लागतो, पृथ्वीवरून ११.२.

कंपूकर

मान्य. दोन जागा कमी केल्या आणि ती सहा माणसं दवाखान्याला दिली, तिसरी पाळी ताईंच्या प्रतिसादामुळे. गोदी पृथ्वीच्या कक्षेत, शहर खाली. चंद्रावरचं कमी गुरुत्व फेरी करून आलेल्यांच्या हाडांना पुरेल याची मला खात्री वाटत नाही, आणि त्यांना पाऊसही बघायला मिळावा.

आकडेवाली

एक पडताळा घ्या. अमेरिकी नौदलात तीनशेच्या थोडी खाली लढाऊ जहाजं आणि सेवेत साधारण ३.३ लाख माणसं. जहाजामागे अकराशे. तुमच्याकडे ४० जहाजांमागे ९,७५०, म्हणजे जहाजामागे २४४. त्यांच्याकडे विमानं आहेत, जगभर तळ आहेत, म्हणून फरक पडणारच, पण चौपटीहून जास्त आहे. मला वाटतं गोदीत तुम्ही कंजूषपणा केला आहे. २६ महिने झिजून आलेलं जहाज दहा महिन्यांत पुन्हा उभं करायचंय. २०० चे ४०० करा.

खारं पाणी

अनुमोदन. ४०० सुद्धा कमीच.

कंपूकर

केले. खाली ८,१०० झाले.

चौथं प्रकरण काल रात्री संपलं. चंबळवर पहाटेची पाळी बदलते तिथून सुरू होतं. कॉलमन बाई अंधाऱ्या बोळातून जाते, दारावर दोनदा टकटक करते, वहीत सही घेते. पहिलं दार पखालजीचं. आईला वाचून दाखवलं. तिनं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "हिला कोण उठवतं?"

रेस्ट गिव्हर काका, हे तुम्हीच सांगू शकाल.

रेस्ट गिव्हर

आधीच्या पाळीचा कॉलमन. त्याचा शेवटचा कॉल तोच असायचा, ड्यूटी संपवून घरी जाताना. आमच्याकडे दोघांना क्वार्टर शेजारी-शेजारीच दिलेले होते. आणि सही तिथेही घ्यायचे.